दिवस भरत आले की: शेवटच्या आठवड्यांत काय होतं, काय करायचं आणि कधी निघायचं

छत्तिसाव्या आठवड्यानंतर गरोदर बाईच्या मनात दिवसातून कितीदा तरी येतं, "हे नेहमीचंच आहे, की काहीतरी बिनसलंय?" कंबर भरून येते, पोट मध्येच कडक होतं, पाय सुजतात, रात्री झोप लागत नाही. यातलं बहुतेक नेहमीचंच असतं. पण मोजक्या काही गोष्टी अशा आहेत की तिथे सकाळ उजाडायची वाट बघायची नसते. त्या कोणत्या, हे आधीच माहीत असेल तर हे आठवडे बऱ्याच निवांत मनाने जातात. म्हणून हा लेख तुम्ही वाचाच, पण रात्री घरात तुमच्यासोबत जो कोणी असणार आहे त्यालाही वाचायला लावा. कळा सुरू झाल्यावर शोधाशोध करायला तुम्हाला सवड नसते.

तारीख म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, मोजून ड्यू डेट काढतात. पाळी दर २८ दिवसांनी येते असं धरून केलेला हा हिशेब आहे. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असेल तर तिच्यावरून तारीख पक्की करतात आणि शेवटपर्यंत तीच धरायची. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर वेगळी तारीख छापून आली म्हणून घाबरू नका. यंत्र बाळाच्या मापांवरून वय काढतं, आणि एवढ्या उशिरा बाळं लहानमोठी असतातच. त्या दुसऱ्या तारखेपायी घरोघरी विनाकारण घालमेल होते.

नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळाला अपुऱ्या दिवसांचं म्हणत नाहीत, पण खऱ्या अर्थाने पूर्ण दिवसांचा काळ सुरू होतो ३९ आठवड्यांनंतर. मधल्या दोन आठवड्यांत बाळाचा मेंदू झपाट्याने वाढत असतो, फुप्फुसं तयार होत असतात, अंगात ऊब धरून ठेवणारी चरबी साठत असते. वैद्यकीय कारण नसताना, केवळ सोयीचा दिवस म्हणून ३९ आठवड्यांच्या आत बाळंतपण उरकून घ्यायचा आग्रह धरू नका. जुळी असतील, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर लवकरची तारीख ठरवतात, आणि त्याला कारण असतं.

छत्तिसाव्या आठवड्यात उरकायची कामं

इथून पुढे सहसा दर आठवड्याला तपासणी असते. या भेटीत चार गोष्टी विचारून फाइलवर लिहून घ्या: बाळाचं डोकं खाली आहे का, वार (प्लासेंटा) कुठे आहे, हिमोग्लोबिन किती आहे आणि माझा रक्तगट कोणता. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर अजूनही ते वाढवायला थोडा वेळ हातात असतो. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते कोण आणणार, कुठून आणणार, हे आत्ताच ठरवा. काही ठिकाणी या सुमारास योनीमार्गाचा स्वॅब घेऊन एका विशिष्ट जंतूची तपासणीही करतात. जंतू सापडलाच तर कळांच्या वेळी अँटिबायोटिक देतात, एवढंच.

दिवस भरत आल्यावरही शंभरातली तीन-चार बाळं पायाळू असतात. अशा वेळी ३७ आठवड्यांच्या सुमारास डॉक्टर पोटावरून हाताने बाळ फिरवून बघू शकतात आणि साधारण निम्म्या वेळा ते जमतं. पण हे काम रुग्णालयातच, बाळाचे ठोके तपासत आणि गरज पडली तर लगेच सिझेरियन करता येईल अशा तयारीनेच व्हायला हवं. घरी पोट चोळून बाळ फिरवायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. त्यात वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो.

आता बॅग. सगळ्यात वर फाइल, म्हणजे सगळे रिपोर्ट आणि ओळखपत्र. त्याखाली समोरून उघडणारे सैल कपडे, मोठे सॅनिटरी पॅड, सहज पायात सरकवता येतील अशा चपला, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, आणि बाळासाठी मऊ कपडे, टोपी, लंगोट, गुंडाळायला सुती कापड. यादी याहून फार लांबवू नका. बॅग कुठे ठेवली आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असणं जास्त महत्त्वाचं, कारण उचलणार तोच आहे.

रुग्णालयाला विचारायचे प्रश्नही याच आठवड्यात विचारा. रात्री कुठल्या दाराने आत यायचं? फोन थेट लेबर रूममध्ये लागतो का? कळांच्या वेळी माझं माणूस सोबत थांबू देतात का? जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे की बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी. हवं असल्यास एपिड्युरल, म्हणजे कळांची वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, रात्रीही मिळतं का? बाळाला गरज पडली तर नवजात अतिदक्षता विभाग इथेच आहे, की हलवावं लागेल? ही उत्तरं ऐनवेळी मिळवण्यात काही अर्थ नसतो.

मोठं मूल असेल तर त्याला रात्री कोण सांभाळणार, गाडी कोण चालवणार, तो नसेल तर कोण, हे एका कागदावर लिहून दारामागे लावा. गाडीत बसताना पट्ट्याची खालची बाजू पोटाखालून, जांघांच्या हाडांवरून जाऊ द्या, पोटावरून कधीच नको.

बाळाची हालचाल: या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं

"शेवटी शेवटी बाळाला जागा उरत नाही, म्हणून ते कमी हलतं." हे वाक्य तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच, आणि अगदी मायेने ऐकवेल. ते चुकीचं आहे. हालचालींची तऱ्हा बदलते हे खरं. जोरकस लाथांऐवजी सावकाश वळणं, बरगडीखाली टाच रेटणं, कुशीतून कोपर सरकल्यासारखं वाटणं असं होतं. पण हालचाली कमी व्हायला नकोत, अगदी कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येसुद्धा.

रोज एक वेळ ठरवा, बाळ एरवी ज्या वेळी चळवळ करतं तीच. पुष्कळ जणींना ती संध्याकाळी जेवणानंतरची सापडते. डाव्या कुशीवर आडवं व्हा, फोन आणि टीव्ही बंद ठेवा, हात पोटावर ठेवा आणि मोजा. लाथ, वळण, ढुशी, सगळं धरायचं. उचक्या मात्र धरायच्या नाहीत, त्या एकसुरी ठेक्यात येतात आणि ओळखू येतात. दहा हालचाली दोन तासांच्या आत व्हायला हव्यात. प्रत्यक्षात बहुतेक बाळं त्या पुष्कळच लवकर पूर्ण करतात. चार-पाच दिवस मोजलंत की तुमच्या बाळाची स्वतःची चाल तुमच्या लक्षात येईल, आणि आकड्यापेक्षा तीच जास्त कामाची. रोज अर्ध्या तासात दहा पूर्ण करणाऱ्या बाळाला आज पावणेदोन तास लागले, तर आकडा नियमात बसतो, पण तुम्ही फोन करायला हवा.

हालचाल मंदावली की काहीतरी गोड खाऊन, थंड पाणी पिऊन आणखी वाट बघा, असं सांगतात. त्यात मोलाचा वेळ जातो. घरी ठोके ऐकायचं यंत्र असेल तर तेही बाजूला ठेवा. ठोके ऐकू आले याचा अर्थ बाळ ठीक आहे असा होत नाही, आणि कित्येकदा आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा वाटतो. थेट रुग्णालयात जा. तिथे पोटाला दोन पट्टे लावून २०-३० मिनिटं बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात. त्याला एनएसटी म्हणतात, आणि ती अजिबात दुखत नाही. आलेख चांगला आला तर घरी याल. दुसऱ्या दिवशी पुन्हा हालचाल कमी वाटली तर पुन्हा जा. "कालच तर आला होतात," असं कुणी म्हणालं तरी जा. तुमच्या पोटातलं बाळ तुमच्याइतकं दुसऱ्या कुणालाच जाणवत नाही.

झोपायचं कुशीवरच. उताणं झोपल्यावर गर्भपिशवीचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत उताणं झोपणं आणि पोटात बाळ दगावणं यांचा संबंध अभ्यासांतून दिसला आहे. डावी कूस चांगली, उजवीही चालते. रात्री जाग आली आणि पाठीवर असल्याचं लक्षात आलं, तर कूस बदलून पुन्हा झोपा. पाठीमागे एक उशी लावली की वळणंही कमी होतं.

नेहमीच्या तक्रारी

पहिलटकरणीचं पोट बाळंतपणाच्या दोन ते चार आठवडे आधी खाली उतरतं. श्वास मोकळा होतो, जेवण जातं, आणि त्याच्या मोबदल्यात दर तासाला लघवीला जावं लागतं. दुसऱ्या खेपेला पोट कळांबरोबरच उतरतं, त्यामुळे "अजून उतरलं नाही" याची काळजी करू नका. छातीत जळजळ होत असेल तर थोडं थोडं, जास्त वेळा खा आणि जेवल्याबरोबर आडवं होऊ नका. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा. संध्याकाळी घोटे सुजून सकाळपर्यंत ओसरत असतील तर पाय उंचावर ठेवणं पुरेसं आहे. ओटीपोटाच्या हाडात चालताना कळ मारत असेल तर पायऱ्या एकेक चढा आणि कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून वळा. स्तनांतून पिवळसर चीक आला तर पुसून टाका, पिळून बघू नका.

मन थाऱ्यावर नसणं हीसुद्धा नेहमीचीच तक्रार आहे. कळांची भीती वाटते, आणि बाळ आपल्याला सांभाळता येईल का, ही त्याहून मोठी भीती असते. ती बोलून दाखवा. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, सतत रडू येत असेल किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील, तर तो नुसता थकवा नव्हे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर गरोदरपणातही उपचार होतात.

इथे सकाळपर्यंत थांबायचं नाही

- बाळाची हालचाल कमी झाली, थांबली किंवा तिची तऱ्हा एकाएकी बदलली.
- लालभडक रक्त जातंय, दुखत असो वा नसो. चिकट पांढऱ्या स्रावात रक्ताची रेघ असणं वेगळं.
- पोट सतत कडक आहे, मध्ये सैल पडतच नाही आणि दुखणं वाढतंय.
- डोकं थांबत नाही असं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात किंवा अंधुक दिसतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, चेहरा आणि हात एकाएकी सुजलेत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर शंकेला जागाच नाही.
- तळहात आणि तळपायांना, विशेषतः रात्री, पुरळ नसताना असह्य खाज येते. हा यकृताचा त्रास असू शकतो आणि रक्ततपासणीत कळतो.
- एकच पाय सुजला, लाल आणि गरम झाला, किंवा धाप लागून छातीत दुखू लागलं.
- ताप आला आहे.

यातला रक्तदाबाचा मुद्दा पुन्हा सांगते, कारण डोकेदुखी ही गोष्ट बायका फार सहज अंगावर काढतात. गोळी घेऊन पडून राहण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. या आजारात आधी बाईला पुष्कळदा बरंच वाटत असतं, आणि मग तो झपाट्याने बिघडतो.

कळा खऱ्या की फसव्या

जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्लिश डॉक्टरांनी १८७२ साली नोंदवलेल्या फसव्या कळा शेवटच्या महिन्यात वाढतात. पोट कडक होतं आणि सैल पडतं. त्यांना ठरावीक अंतर नसतं. पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं, चाललं किंवा आडवं झालं की त्या विरतात. खऱ्या कळा काहीही केलं तरी विरत नाहीत. त्या सहसा कंबरेतून निघून पुढे ओटीपोटात येतात, दर तासाला जास्त जोराच्या, जास्त लांब आणि जास्त जवळजवळ येत जातात.

मोजायचं असं: एक कळ सुरू झाली, वेळ लिहा. ती ओसरली, पुन्हा वेळ लिहा. पुढची सुरू झाली, पुन्हा लिहा. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ म्हणजे अंतर. समजा २:१० ला सुरू झालेली कळ ४० सेकंद टिकली, पुढची २:२२ ला आली, मग २:३५ ला, मग २:४१ ला. ही अजून सुरुवात आहे. अंघोळ करा, हलकं काही खा, पाणी पीत राहा, दोन कळांमध्ये डोळे मिटून घ्या. पहिल्या खेपेला हा टप्पा कित्येक तास, कधी दिवसभरही चालतो, आणि तो घरी काढलेला बरा. कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, अशा तासभर येत राहिल्या की निघा. कळ चालू असताना तुम्हाला वाक्य पूर्ण बोलता येत नसेल तर तीही चांगली खूण आहे. दुसरं किंवा तिसरं बाळंतपण असेल, रुग्णालय लांब असेल, तर एवढी वाट बघू नका. आधी सिझेरियन झालं असेल तर कळा सुरू झाल्याबरोबर निघा. अशा योग्य निवडलेल्या बायकांपैकी शंभरात ६० ते ८० जणींची नैसर्गिक प्रसूती होते, पण जुन्या टाक्यांवर लक्ष ठेवायला रुग्णालयच लागतं. आणि ३७ आठवड्यांच्या आत अशा कळा आल्या तर काहीही न मोजता निघायचं.

पिशवीच्या तोंडावरचा चिकट, रक्ताची झाक असलेला गोळा पडला तर प्रसूती जवळ आली एवढंच कळतं. ती काही तासांत होईल किंवा आठवड्यानेही होईल. त्याकरता घाई नको.

पाणमोट फुटली तर

बादलीभर पाणी पडेल असं समजू नका. कित्येकदा नुसती ओल जाणवते, थेंब थेंब येत राहतं आणि लघवी गळतेय असं वाटतं. पॅड लावा, अर्धा तास चाला. पॅड पुन्हा भिजलं, लघवीचा वास नाही आणि रोखता येत नाही, तर ते गर्भजल समजा. वेळ लिहा आणि रंग बघा. पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असेल तर सावकाश पण त्याच दिवशी, कळा नसल्या तरी, रुग्णालयात जा. दिवस भरलेल्या दहा जणींत साधारण एकीचं पाणी कळांआधी जातं. हिरवं किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटात शी केली आहे, तेव्हा लगेच निघा. तोवर संबंध आणि टबातली अंघोळ टाळा.

क्वचित पाण्याबरोबर नाळ बाहेर सरकते. योनीत किंवा बाहेर दोरीसारखं काही लागलं तर ती आत ढकलू नका. गुडघे आणि छाती जमिनीला टेकवा, कंबर वर उचलून धरा आणि तसंच राहून अँब्युलन्स बोलवा.

फोनवर काय सांगायचं

घाबरलेल्या माणसाचा फोन पुष्कळदा "तिला खूप दुखतंय" इथेच संपतो. त्याऐवजी असं सांगा: "सिस्टर, अडतीस आठवडे पूर्ण झालेत, पहिलटकरीण आहे. रात्री एकपासून कळा आहेत, आता पाच मिनिटांवर आल्यात, मिनिटभर टिकतात. पाणी गेलेलं नाही, रक्त नाही, बाळ हलतंय. रक्तगट ओ निगेटिव्ह. आम्ही पाऊण तासात पोचतो." एवढ्यावर समोरच्याला सगळी तयारी करता येते.

रुग्णालयात गेल्यावर

आतून तपासून पिशवीचं तोंड किती उघडलंय ते बघतात. दोन-तीन सेंटिमीटर असेल तर घरी परत पाठवतील किंवा चालायला सांगतील. यात तुमचं काही चुकलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना ५ सेंटिमीटरपासून पुढे प्रसूतीचा सक्रिय टप्पा मानते. तिथून पूर्ण १० पर्यंत जायला पहिलटकरणीला सहसा १२ तासांपेक्षा जास्त लागत नाहीत, आणि त्यापुढे बाळ बाहेर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात. या काळात पलंगाला खिळून राहायची गरज नाही. चाला, ओणव्या उभ्या राहा, पलंगाच्या कडेला टेकून कंबर हलवा. सोबतच्या माणसाने दोन्ही मुठींनी माकडहाडाच्या वर दाब दिला तर कंबरेतल्या कळा सोसायला खूप मदत होते. वेदनाशामक मागण्यात कमीपणा नाही.

तारीख उलटली तर

४१ आठवड्यांपर्यंत तब्येत आणि बाळ ठीक असेल तर वाट बघणं सुरक्षित मानतात. त्यानंतर वार थकत जाते आणि पोटात बाळ दगावण्याचा धोका वाढत जातो, म्हणून ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस आहे. पिशवीचं तोंड कच्चं असेल तर आधी जेल, गोळ्या किंवा फुग्याचं कॅथेटर वापरून ते मऊ करतात, मग ऑक्सिटोसिनचं सलाइन लावतात. त्यात दिवस-दोन दिवसही जाऊ शकतात, तेव्हा त्या तयारीनेच जा. एरंडेल पिऊन घरी कळा आणू नका. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि तीच ताकद पुढे कमी पडते.

बाळ आल्यावरचा पहिला तास

बाळ रडलं आणि ठीक असेल तर ते पुसून थेट तुमच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगा. नाळ किमान मिनिटभर थांबून कापली तर बाळाला जास्त रक्त मिळतं. पहिल्या तासाभरात पाजायला घ्या. अंघोळ २४ तासांनी चालते. वार पडणं, टाके घालणं हे सगळं बाळ छातीवर असतानाही होऊ शकतं. सिझेरियन असेल तरीही, दोघांची तब्येत बरी असेल तर, पुष्कळ ठिकाणी हे करतात. आधी विचारून ठेवा.

रुग्णालयाचा नंबर मात्र घरी गेल्यावरही हाताशी असू द्या. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप आला, किंवा वर सांगितलेली डोकेदुखी आणि अंधुक दिसणं सुरू झालं तर त्याच नंबरवर फोन करा. रक्तदाबाचा हा त्रास बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो, गरोदरपणात एकदाही झाला नसला तरी.